कुत्र्याला वाचून दाखवणारी मुलं: सॉल्ट लेक सिटीच्या कार्यक्रमाचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोव्हेंबर 1999 मध्ये शनिवारच्या दुपारी बालविभागात कुत्री येऊन बसू लागली आणि मुलं त्यांना पुस्तकं वाचून दाखवू लागली. कल्पना सँडी मार्टिन या परिचारिकेची. ‘इंटरमाउंटन थेरपी अ‍ॅनिमल्स’ या तिथल्या स्वयंसेवी संस्थेच्या संचालक मंडळावर त्या होत्या. संस्था आधीपासूनच प्रशिक्षित प्राणी रुग्णांच्या भेटीला नेत होती. कुत्रा शेजारी असला की रुग्ण सैलावतो, बोलू लागतो, टाळत असलेला व्यायामही करून पाहतो, हा तिथला नेहमीचा अनुभव. वाचायला घाबरणाऱ्या मुलाचंही असंच होईल, असा मार्टिन यांचा तर्क होता. ऑलिव्हिया ही त्यांची पोर्तुगीज वॉटर डॉग जातीची कुत्री या कार्यक्रमाची पहिली श्रोती. कार्यक्रमाचं नाव ‘रीडिंग एज्युकेशन असिस्टन्स डॉग्ज’, आद्याक्षरांवरून ‘रीड’. पुढच्या वर्षी तो शहरातल्या बेनियन एलिमेंटरी या शाळेत गेला आणि तिथून अमेरिकेबाहेरही पसरला.

या कार्यक्रमाचे फोटो छान येतात. गुडघ्यावर पुस्तक, कुत्र्याच्या पाठीवर हात, मूल रंगून वाचतंय. कुत्र्याचा पट्टा धरून बसलेला माणूस, म्हणजे हँडलर, मात्र अशा फोटोंत बहुधा कापलेला असतो, आणि कार्यक्रमाची निम्मी कारागिरी त्याच माणसाकडे असते. हे प्रकरण नीट पाहिलं तर कुत्र्याचं काम मर्यादित पण नेमकं आहे. उरलेलं सगळं हँडलर, पुस्तकाची निवड आणि वीस मिनिटांची आखणी यांवर चालतं. नक्कल करणाऱ्यांचं अपयशही बहुतेक वेळा इथेच सापडतं.

अडचण नक्की कुठे असते

अडखळत वाचणारं मूल वर्गात मोठ्याने वाचायचं टाळतं. टाळल्यामुळे सराव होत नाही, सराव नाही म्हणून अडखळणं कमी होत नाही. ओघवतं वाचन येण्यासाठी मोठ्याने, पुन्हा पुन्हा आणि कुणाच्या तरी सोबतीत वाचावं लागतं. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनलने 2000 सालच्या अहवालात मार्गदर्शनाखालच्या अशा प्रकट वाचनाची बाजू स्पष्टपणे घेतली होती. पण वर्गात त्यासाठी वेळ असतो किती? पस्तीस मिनिटांचा तास आणि चाळीस मुलं असा हिशेब केला तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. येतं तेही चाळीस जणांच्या देखत. मागच्या बाकावरून एक फिस्स आवाज आला की पुढच्या वेळी ते मूल पोट दुखतंय म्हणून सांगतं.

कुत्र्यामुळे यातली एक गोष्ट बदलते. ऐकणारा चूक पकडत नाही, घड्याळाकडे बघत नाही, पुढचा शब्द ओठांवर आणून ताटकळत बसत नाही. याचा शारीरिक पुरावा ‘रीड’च्या बराच आधीचा आहे. एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये 9 ते 16 वर्षांच्या 38 मुलांचा रक्तदाब आणि नाडी मोजली. मनमिळाऊ कुत्रा खोलीत असताना मुलांचा रक्तदाब स्वस्थ बसलेलं असतानाही कमी होता आणि मोठ्याने वाचतानाही कमी होता. त्याच अभ्यासात आणखी एक बाब दिसली, ती फारशी सांगितली जात नाही. कुत्रा पहिल्यापासून खोलीत असेल तर परिणाम जास्त होता, मध्येच आणला तर कमी. म्हणून मूल दारात येईल तेव्हा कुत्रा सतरंजीवर आधीच विसावलेला हवा. मूल बसलंय, वाट बघतंय आणि मग कुत्रा वाजतगाजत आत येतोय, असा क्रम ठेवला की पहिली पाच मिनिटं दोघांचंही लक्ष जागेवर येण्यात जातात.

वीस मिनिटांची आखणी

‘रीड’च्या पद्धतीत एका वेळी एक मूल, एक कुत्रा आणि त्याचा हँडलर एवढेच असतात. एका मुलाला साधारण वीस मिनिटं, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी. शक्य तोवर तोच कुत्रा. दर आठवड्याला नवा कुत्रा आला तर मुलाची वीसपैकी सात-आठ मिनिटं ओळखीतच जातात.

जागा वर्दळीपासून बाजूला हवी, पण बंद दाराआड नको. मुलांच्या सुरक्षिततेसाठी दार उघडं किंवा काचेचं असावं आणि शाळेचा किंवा ग्रंथालयाचा एक माणूस नजरेच्या टप्प्यात असावा. खाली धुता येईल अशी जाड सतरंजी, दोन उशा, पाण्याचं भांडं, जुना टॉवेल, हात स्वच्छ करायचं द्रव्य आणि पुस्तकांची टोपली. टोपलीत आठ-दहा पुस्तकंच ठेवावीत, पन्नास ठेवली तर मूल निवडण्यातच वेळ काढतं. निवडत बसणं हा वाचन टाळण्याचा सभ्य मार्ग असतो. वेळ मोजायला बिनआवाजी घड्याळ पुरतं. गजर वाजला की कुत्रा दचकतो.

बसण्याची रचना वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. कुत्रा भिंतीलगत आडवा, मूल त्याच्या कुशीच्या बाजूला, हँडलर मुलाच्या दुसऱ्या बाजूला जरासा मागे. मूल मध्ये आल्याने हँडलरला पुस्तक दिसतं, पण मुलाला हँडलरचा चेहरा सतत दिसत नाही. समोरासमोर बसलं की मूल प्रत्येक वाक्यानंतर वर बघून मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर निकाल शोधतं. पट्टा सहा फुटांपर्यंतचा, आणि तो कायम हँडलरच्या हातात. कुत्रा कितीही गरीब असला तरी पट्टा खुर्चीला बांधायचा नाही, मुलाच्या हाती द्यायचा नाही.

पहिली दोन मिनिटं गाठीभेटीची. मूल आधी विचारतं, मग मूठ सैल करून पुढे धरतं, कुत्रा हुंगतो, मग छातीपाशी किंवा खांद्यावर हात फिरवायचा. डोक्यावर वरून थोपटणं बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही. त्यानंतर बारा-तेरा मिनिटं वाचन. मग दोन-तीन मिनिटांत आवडलेलं एक पान पुन्हा वाचायचं. हे दुसरं वाचन कधीच गाळायचं नाही, कारण पहिल्या खेपेला अडलेलं वाक्य दुसऱ्या खेपेला सरळ जातं आणि ते मुलाच्या स्वतःच्या कानावर पडतं. ‘तू छान वाचलंस’ या शाबासकीपेक्षा याचा उपयोग मोठा. उरलेल्या वेळात कुत्र्याची एखादी करामत, निरोप, हात धुणं आणि नोंदवहीत तारीख, पुस्तक, किती पानं, कुठे अडलं एवढीच नोंद. सॉल्ट लेक सिटीत ठरावीक पुस्तकं वाचून झालेल्या मुलाला एक पुस्तक भेट मिळे आणि त्यावर कुत्र्याच्या पंजाचा ठसा असे. मुलांना ते फार आवडतं, खर्चही फार नाही. शाई मात्र पाण्यात धुतली जाणारी आणि विषारी नसलेली हवी, नाहीतर कुत्रा ती चाटतो.

दोन मुलांमध्ये दहा मिनिटांची सुट्टी धरली तर चार मुलांना 110 मिनिटं लागतात. थेरपी डॉगसाठी, म्हणजे अशा कामाच्या प्रशिक्षित कुत्र्यांसाठी, दिवसाला दोन तासांची कमाल मर्यादा अमेरिकेत रूढ आहे, म्हणजे एका कुत्र्यामागे चार मुलं ही वरची सीमा. तीन मुलं घेतली तर सगळेच सुखात राहतात. यादीत बारा मुलं आणि कुत्रा एकच असेल, तर उपाय आणखी कुत्रे आणणं हाच आहे. वेळ दहा मिनिटांवर आणला तर वाचनाला पाचच मिनिटं उरतात.

हँडलर काय बोलतो, काय बोलत नाही

‘रीड’ची खरी युक्ती इथे आहे. हँडलर स्वतःच्या तोंडून काही विचारत नाही, कुत्र्याच्या नावाने विचारतो. ‘या शब्दाचा अर्थ काय?’ असं म्हटलं की ती परीक्षा होते. ‘ऑलिव्हियाने हा शब्द कधी ऐकलेला नाही, तिला जरा समजावून सांगशील?’ असं म्हटलं की मूल शिक्षकाच्या जागी जातं. अर्थ माहीत नसेल तरी पंचाईत होत नाही, कारण न येणारी ती कुत्री. मग दोघं मिळून चित्रात शोधतात, आधीचं वाक्य पुन्हा वाचतात. गोष्ट समजली की नाही तेही असंच तपासता येतं: ‘ती मघाशी शेपटी हलवण्यात गुंग होती, त्या ससुल्याचं पुढे काय झालं ते तिला थोडक्यात सांग ना.’

असे प्रश्न एका बैठकीत दोन-तीनच पुरे. दर पानाला ‘कुत्रा विचारतोय’ सुरू झालं की सात वर्षांच्या मुलालाही डाव कळतो आणि ते कंटाळतं.

चुकांच्या बाबतीत नियम साधा आहे, पाळायला मात्र कठीण. अर्थ बिघडत नसेल तर चूक सोडून द्यायची. मराठीत उदाहरण घ्यायचं तर ‘पाणी’चं ‘पानी’, ‘आणि’चं ‘आनी’ ही बोलीची वळणं आहेत, तिथे थांबवायचंच नाही. ‘घर’चं ‘धर’ झालं, ‘क्रम’चं ‘कर्म’ झालं, वाक्याला अर्थ राहिला नाही, तर चार-पाच सेकंद गप्प राहायचं. पुष्कळ मुलं वाक्य संपता संपता स्वतःच मागे येतात, आणि स्वतः सुधारलेली चूक हीच या सगळ्या खटाटोपाची कमाई. मूल मागे आलं नाही तर कुत्र्याच्या नावाने ‘हे वाक्य परत ऐकायचंय’. ‘सूर्य’, ‘स्वातंत्र्य’ अशा जोडाक्षरावर गाडी पूर्ण अडली तर हँडलरने शब्द हळूच सांगून मोकळं व्हावं. रफार कसा वाचायचा याचा धडा इथे सुरू करायचा नाही. ती नोंद वहीत जाते आणि वर्गशिक्षकांना मिळते. तोतरं बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत शब्द पुरा करून देणंसुद्धा टाळायचं. त्याला शब्द माहीत असतो, फक्त वेळ हवा असतो.

निवृत्त शिक्षक या कामाला उत्साहाने पुढे येतात आणि त्यांनाच हे सर्वांत अवघड जातं. चूक ऐकून गप्प बसणं हे त्यांच्या तीस वर्षांच्या सवयीच्या उलट असतं. अशा स्वयंसेवकाला पहिले काही दिवस दुसऱ्या हँडलरशेजारी नुसतं बसवावं.

कुत्रा झोपला तर? झोपणारच. शांत स्वभावाचा कुत्रा एका लयीतल्या आवाजाने पेंगतो. मुलाला मात्र वाटतं, माझं वाचन कंटाळवाणं आहे. हँडलरकडे यावर उत्तर तयार असावं: ‘तो डोळे मिटूनच ऐकतो. तुझा आवाज आवडला की असाच पडून राहतो.’ यात तथ्यही आहे, कारण ताणात असलेला कुत्रा सहसा असा झोपत नाही.

पुस्तक

मुलाला वर्गाच्या इयत्तेचं पुस्तक द्यायचं नाही. त्याला झेपेल त्याहून किंचित सोपं द्यायचं. शंभर शब्दांत पाचपेक्षा जास्त शब्द अडत असतील तर ते पुस्तक या बैठकीसाठी जड आहे. पटकन तपासायला पाच बोटांची पद्धत चालते: मधलं कुठलंही पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपायचं, पान संपण्याआधी मूठ बंद झाली तर पुस्तक बदलायचं. फार कमी मजकुराच्या पानावर ही पद्धत फसते. तिथे दोन-तीन पानं मिळून मोजावं.

इथे एक गंमतशीर अडचण येते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला सोपं पुस्तक उचलताना लाज वाटते, मग ते जाडजूड पुस्तक घेऊन बसतं आणि दुसऱ्याच पानावर खचतं. कुत्र्यामुळे इथे सबब मिळते: ‘याला चित्रांच्याच गोष्टी आवडतात.’ मोठं मूल मग ‘कुत्र्यासाठी’ म्हणून पहिलीच्या पातळीचं पुस्तक निःसंकोच वाचतं. याच्या उलटही होतं. कॅनडात कॅमिल रूसो यांनी पहिली ते तिसरीच्या 17 मुलांना त्यांच्या पातळीहून थोडा वरचा मजकूर दिला. कुत्रा सोबत असताना मुलं अवघड मजकुराशी जास्त वेळ झटत राहिली आणि त्यांची गोडीही टिकली. म्हणजे घडी बसल्यावर अधूनमधून एखादं जड पुस्तक चालतं. सुरुवात मात्र सोप्यानेच.

पाठ असलेलं पुस्तक ओळखायला शिकावं. मूल पान उलटण्याआधीच पुढचं वाक्य म्हणू लागलं, नजर शब्दांवर नसून चित्रावर असली, की ते वाचत नाहीये. पहिल्या दोन आठवड्यांत हे चालू द्यावं, हिंमत बांधायला ते उपयोगी पडतं. त्यानंतर त्याच मालिकेतलं दुसरं पुस्तक पुढे करावं.

कुत्र्याची बाजू

जात महत्त्वाची नाही. वय किमान एक वर्ष, अनोळखी मुलांच्या गलक्यात स्थिर राहणारा, पडलेला खाऊ ‘सोड’ म्हटल्यावर सोडणारा, वीस मिनिटं खाली पडून राहू शकणारा आणि मुख्य म्हणजे मुलांची सोबत मनापासून आवडणारा. शेवटचा गुण शिकवून येत नाही. आज्ञाधारक कुत्रा मुलांना नाइलाजाने सहन करत असू शकतो, आणि ते दिसतं: सारखे ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, कान मागे जाणं, गरमी नसताना धापणं, अंग वारंवार झटकणं. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की बैठक संपवायची. ‘त्याला आता पाणी हवंय’ एवढं मुलाला सांगितलं तरी पुरतं. ही लक्षणं मुलांनाही शिकवावीत. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या बाबतीत त्यांना ती आयुष्यभर कामी येतील.

कुत्रा आणि हँडलर यांची जोडी म्हणून चाचणी होते; तोच कुत्रा दुसऱ्या माणसासोबत पाठवायचा नाही. अमेरिकेत ‘पेट पार्टनर्स’ ही संस्था दर दोन वर्षांनी जोडीची फेरतपासणी घेते आणि कच्चं मांस खाणारे प्राणी घेत नाही, कारण त्यांच्या लाळेतून आणि विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू पसरू शकतात. भेटीआधी आंघोळ, कापून गुळगुळीत केलेली नखं, घासलेले दात. नखांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, आणि ओरखड्याची तक्रार तिथूनच येते.

बेनियन शाळेचे आकडे आणि त्यांचं वजन

शाळेतल्या पहिल्या प्रयोगात निवडलेली मुलं थोडी होती. साधारण 13 महिन्यांत प्रत्येक मूल वाचनात किमान दोन इयत्तांच्या पातळ्या पुढे गेलं, काही मुलं चार पातळ्या, असा निकाल संस्थेने जाहीर केला आणि त्यावर कार्यक्रमाची कीर्ती झाली.

आकडा खोटा आहे असं म्हणायचं कारण नाही, पण त्याचं सगळं श्रेय कुत्र्याच्या नावावर घालता येत नाही. तेरा महिन्यांत बहुतेक मुलं शाळेतल्या नेहमीच्या शिकण्याने साधारण एक इयत्ता पुढे सरकतातच. शिवाय मुलं निवडली ती चाचणीत तळाला असलेली. चाचणीच्या दिवशी ताप आला, झोप झाली नाही, घाबरलं म्हणून तळाला गेलेली काही मुलं पुढच्या चाचणीत काहीही न करता वर येतात. तुलनेला दुसरा गट नव्हता. आणि दर आठवड्याला एका प्रेमळ मोठ्या माणसासोबत वीस मिनिटं वाचन, एवढ्यानेही फरक पडलाच असता. मग कुत्र्याचा वाटा किती?

हा प्रश्न नीट विचारला दक्षिण आफ्रिकेतल्या मारियाना ल रू, लेस्ली स्वार्ट्झ आणि एस्टेल स्वार्ट या संशोधकांनी. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात तिसरीतली, वाचनात मागे असलेली 102 मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत वाटली होती. एका गटाने कुत्र्याला वाचून दाखवलं, दुसऱ्याने मोठ्या माणसाला, तिसऱ्याने टेडी बेअरला, आणि चौथ्याची शाळा नेहमीसारखी चालली. दहा आठवडे हे केलं. आधी, लगेच नंतर आणि पुन्हा आठ आठवड्यांनी एकाच प्रमाणित चाचणीने वाचनाचा वेग, अचूकता आणि आकलन मोजलं. आकलनाच्या गुणांत कुत्र्याचा गट बाकी गटांच्या पुढे निघाला.

टेडीचा गट ठेवणं ही या प्रयोगाची कमाल. ‘कुणीतरी न बोलणारं समोर असलं की पुरे’ ही शंका त्याने तपासली. तरी कुत्र्याच्या गटात हँडलर होताच, तेव्हा जे मोजलं गेलं ते कुत्रा आणि माणूस यांच्या जोडीचं काम आहे. सोफी हॉल, नॅन्सी गी आणि डॅनियल मिल्स यांनी 2016 मध्ये या विषयावरचे 48 अभ्यास एकत्र तपासले. कुत्र्यामुळे वाचनाचं वातावरण सुधारतं आणि त्यातून वाचनही सुधारू शकतं असा त्यांचा कल आहे, पण एकूण पुराव्याचा दर्जा कमी असल्याचं त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे. म्हणून पालकांना सांगताना ‘भीती कमी होईल, सराव वाढेल’ एवढंच सांगावं. इयत्तांचे आकडे पत्रकात छापू नयेत. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला अक्षर आणि ध्वनी जोडण्याचं पद्धतशीर प्रशिक्षण लागतंच. कुत्रा त्याची जागा घेत नाही.

महाराष्ट्रात करायचं झालं तर

थेरपी डॉग आपल्याकडे अगदीच नवे नाहीत. मुंबईत मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर यांनी सुरू केलेली ‘अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन’ ही संस्था शाळांत आणि विशेष मुलांबरोबर प्राण्यांच्या मदतीने काम करत आली आहे. घरचा लाडका लॅब्रेडोर थेट शाळेत नेण्यापेक्षा अशा अनुभवी संस्थेकडून कुत्रा आणि माणूस दोघांची तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

सॉल्ट लेक सिटीच्या कागदपत्रांत जे पुरेसं सापडणार नाही ते रेबीज. आपल्याकडे हा आजार आहे, आणि एकदा लक्षणं दिसली की जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. कुत्र्याची अँटीरेबीज लस दरवर्षी वेळेवर हवी. त्याबरोबर डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिसची लस. लेप्टो मुंबई-कोकणात पावसाळ्याचा नेहमीचा पाहुणा आहे. जंतांचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, महापालिकेचा परवाना या सगळ्याच्या प्रती शाळेच्या फायलीत ठेवाव्यात. मुलाच्या हातापायावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी स्पर्श नाही, फक्त वाचन. खरचटलंच तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, पालकांना लगेच कळवायचं आणि डॉक्टरांकडे न्यायचं. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून हे टाळायचं नाही. पंधरा मिनिटं धुण्याची गोष्ट शाळांना अतिशयोक्ती वाटते, आणि मुलाला दोन मिनिटांत वर्गात धाडलं जातं. नळाशेजारी भिंतीवर हे लिहून ठेवावं.

पालकांच्या संमतिपत्रात चार गोष्टी विचाराव्यात: अ‍ॅलर्जी किंवा दमा, कुत्र्याची भीती, पूर्वी चावा, आणि कुत्र्याच्या स्पर्शाला घरातून हरकत. काही घरांत धार्मिक कारणाने कुत्र्याची लाळ अंगाला लागलेली चालत नाही. अशा मुलाला वगळायचं कारण नाही. चार फुटांवर चटई टाकून वाचता येतं. भीती वाटणाऱ्या मुलाला आग्रह करून कुत्र्याजवळ बसवणं मात्र पूर्ण वर्ज्य. आपल्याकडची भीती बहुतेक वेळा रस्त्यावरच्या खऱ्या प्रसंगातून आलेली असते. तिच्यावर काम करायचं असेल तर तो वेगळा कार्यक्रम आहे, वाचनाच्या वीस मिनिटांत तो घुसवायचा नाही.

वेळ सकाळची ठेवावी. एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यात दुपारी कुत्रा नुसत्या उकाड्याने धापतो, आणि धापणं ताणाचं की उन्हाचं हे मग अनुभवी हँडलरलाही सांगता येत नाही. पुस्तकांची अडचण कमी आहे. ‘प्रथम बुक्स’ची मराठी पुस्तकं चार स्तरांत येतात, त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, आणि पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं आहेतच.

मोजमापासाठी ‘असर’ या मुलांची वाचनाची पातळी तपासणाऱ्या सर्वेक्षणाचे स्तर, म्हणजे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, शिक्षकांच्या परिचयाचे आहेत. मूल कोणत्या पायरीवर आहे ते कळायला ते चांगले. पण दहा आठवड्यांत होणारा बदल या चार पायऱ्यांत पकडला जाईलच असं नाही. म्हणून सोबत एका मिनिटात अचूक वाचलेले शब्द मोजावेत, आणि तेही कधी न वाचलेल्या उताऱ्यावर. सुरुवातीला, दहाव्या आठवड्यात आणि सुट्टीनंतर असं तीनदा, दर वेळी नवा पण तेवढाच अवघड उतारा. ही चाचणी हँडलरने घ्यायची नाही आणि कुत्र्यासमोरही नाही, नाहीतर जी जागा निर्धोक करायला इतका खटाटोप केला तिथेच परीक्षा येऊन बसते. वर्गशिक्षकांनी आठवड्याला एकच खूण करावी: मुलाने या आठवड्यात आपण होऊन वाचायला हात वर केला का? यादीतल्या मुलांना पहिल्या आणि दुसऱ्या सत्रात वाटलं तर दुसऱ्या सत्राची वाट बघणारी मुलं पहिल्या सत्रात आपोआप तुलनेचा गट होतात. कुणाला डावलल्यासारखंही होत नाही. वाटणी मात्र चिठ्ठ्या टाकूनच करावी. शिक्षकांवर सोपवली तर सर्वांत गरजू मुलं पहिल्या सत्रात जातात आणि तुलना बिघडते.

एक दोष उशिरा दिसतो: मूल कुत्र्यासमोर खडखडीत वाचतं आणि वर्गात तसंच गप्प राहतं. यावर इलाज सातव्या-आठव्या आठवड्यापासून करायचा. आधी मुलाने निवडलेला एक मित्र सतरंजीवर येऊन बसतो, त्यालाही चूक न दाखवण्याचा नियम समजावलेला असतो. पुढच्या आठवड्यात आणखी एक. नवव्या आठवड्यात तिघा-चौघांसमोर तेच सरावाचं पान, कुत्रा शेजारी. दहाव्या आठवड्यात मूल तेच पान वर्गात वाचतं, शिक्षकांना आधी सांगून, आणि त्या दिवशी कुत्र्याला आणायचं नाही. मुलाने नकार दिला तर ही पायरी पुढच्या सत्रावर ढकलावी. तोवर मित्रांचा छोटा गट चालू ठेवावा.